शाळेच्या कार्यशाळेला वाली कोण?

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात सतरा वर्षांच्या मुलाला धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर उभे करायचे झाले, तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने कायदा मालकाला अडवत असे. त्या यंत्रापासून कोणते धोके संभवतात हे मुलाला पुरते समजावून सांगितले आहे का? त्याला पुरेसे शिकवले आहे का, किंवा त्याच्यावर जाणत्या माणसाची देखरेख आहे का? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ आल्याशिवाय कलम २३ प्रमाणे त्याला त्या यंत्रावर कामाला लावता येत नसे. कलम २१ फिरत्या भागांभोवती कठडा मागत होते, कलम ३५ उडणाऱ्या कणांपासून डोळे वाचवायला सांगत होते. हे पाळले जाते की नाही ते पाहायला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी कधीही दारात येऊ शकतो. आता या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या संहितेचाही रोख कामगाराच्या सुरक्षिततेवरच आहे.

आता तेच यंत्र एखाद्या तांत्रिक विद्यालयाच्या शेडमध्ये आहे आणि समोर नववीतली चौदा वर्षांची मुलगी उभी आहे. मोटर तीच, चक तोच, उडणारा कीसही तोच. पण शाळा हा कारखाना नाही आणि विद्यार्थिनी कामगार नाही, म्हणून अशी सगळी कलमे दाराबाहेर थांबतात. आत काय तपासायचे, कोणी तपासायचे आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे एका जागी लिहिलेले शाळेला सापडत नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये हातकामाचे शिक्षण नव्याने येऊ घातले असताना ही उणीव अंगावर येण्याआधी भरून काढली पाहिजे.

कायदा नेहमी मागून आला

यंत्राने हात जाणे वऱ्हाडाला नवे नाही. १८६० च्या दशकात रेल्वे आली, मागोमाग वाफेवरचे जिन आले आणि कापसाच्या हंगामात हजारो हात यंत्रांशी जोडले गेले. भारतातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. त्यात धोकादायक यंत्रांना कठडा घालण्याची तरतूद होती. पण तो शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामापुरते धडधडणारे जिन त्या जाळ्यातून सुटले. आतले यंत्र मुंबईच्या गिरणीतल्या यंत्राइतकेच क्रूर होते, फक्त ते कॅलेंडरच्या हिशेबात बसत नव्हते. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कॉटन ओपनर चालू असलेल्या भागात स्त्रिया आणि मुलांना कामाला ठेवू नये, असे स्वतंत्र कलम (कलम २७) १९४८ च्या कायद्यात होते. त्यामागे कापसाच्या मुलखातल्या कित्येक दशकांचा अनुभव उभा आहे.

शेतीतही तेच झाले. मळणी यंत्रात हात गेलेला, कडबाकुट्टीत बोटे गेलेली माणसे इथल्या गावागावांत भेटतात. थ्रेशरसारख्या यंत्रांच्या बनावटीवर बंधने घालणारा धोकादायक यंत्रे कायदा आला तो १९८३ मध्ये. तोवर कितीतरी हंगाम होऊन गेले होते.

शाळेच्या बाबतीत कायद्याने थोडी वेगळी वाट धरली. १९८६ च्या बालकामगार कायद्याने मुलांना अनेक कामांतून बाहेर काढले, पण सरकारने काढलेल्या, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांना त्या मनाईतून वगळले. हेतू चांगलाच होता. मुलांची मजुरी थांबावी आणि मुलांचे शिकणे चालू राहावे, असा तो विचार होता. मात्र सूट देताना तिच्या जोडीला शाळेसाठी म्हणून वेगळी नियमावली आली नाही. याउलट १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पाहावा. आयटीआय करून एखादा मुलगा कारखान्यात अप्रेंटिस लागला, की कारखाने कायद्यातली आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाची प्रकरणे कामगारासारखीच त्यालाही लागू होतात (कलम १४). काम शिकताना इजा झाली तर भरपाईचा हक्कही मिळतो (कलम १६). म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या शिकाऊ उमेदवाराला जे छत्र आहे, ते त्याच्या नववीतल्या धाकट्या बहिणीला नाही.

एक मूल, अनेक खाती

वऱ्हाडात शाळकरी मुलांच्या हाती अवजारे येण्याच्या वाटा आज चार-पाच आहेत. सर्वांत जुनी वाट तांत्रिक विद्यालयांची. ही विद्यालये आणि त्यांना जोडलेली केंद्रे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाखाली येतात. संचालनालय १९८४ मध्ये वेगळे झाले आणि त्याचे एक प्रादेशिक कार्यालय अमरावतीला आहे. केंद्राची पद्धत अशी, की आसपासच्या माध्यमिक शाळांतली आठवी ते दहावीची मुले ठरल्या दिवशी केंद्रावर येतात, फिटिंग, सुतारकाम, पत्राकाम, वायरिंग शिकतात आणि आपल्या शाळेत परततात. मूल एका संस्थेचे, कार्यशाळा दुसऱ्या खात्याची आणि इमारतीची वायरिंग सार्वजनिक बांधकाम विभागाची.

दुसरी वाट समग्र शिक्षा अभियानातून माध्यमिक शाळांत आलेल्या कौशल्य विषयांची. तिसरी अटल टिंकरिंग लॅबची. निती आयोगाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यातून थ्री-डी प्रिंटर, सोल्डरिंग आयर्न, ड्रिल, सेन्सर, बॅटऱ्या येतात. २०२५ च्या अर्थसंकल्पाने पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब काढायचे जाहीर केले आहे. चौथी वाट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उघडली. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला हातकामाची ओळख व्हावी आणि या इयत्तांत कधीतरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर जावेत, असे ते सांगते. पूर्वीचा कार्यानुभव होताच.

या साऱ्यामागची भूमिका याच परिसरातून देशभर गेली. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला आणि झाकीर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. आज त्या आग्रहाला उद्योगाच्या मागणीची जोड मिळाली आहे. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. असे उद्योग उभे राहतील तेव्हा यंत्राशी ओळख असलेली मुले-मुली याच जिल्ह्यांतून लागतील.

अडचण इतकीच, की यातल्या प्रत्येक वाटेचा मालक वेगळा आहे. शाळेची तपासणी शिक्षणाधिकारी करतात, पण लेथच्या चकवर गार्ड आहे का हे पाहणे त्यांच्या शिक्षणात बसत नाही. ते ज्याला कळते तो औद्योगिक सुरक्षा अधिकारी शाळेत येत नाही. विद्युत निरीक्षक, अग्निशमन विभाग, व्यवसाय शिक्षण अधिकारी आपापल्या तुकड्यापुरते पाहतात. सगळे तुकडे जोडून ‘ही कार्यशाळा मुलांसाठी योग्य आहे’ अशी सही करणारा माणूसच या रचनेत नेमलेला नाही.

ग्राइंडरसमोर उभे राहून

धोका नेमका कुठे असतो ते एका साध्या यंत्रापाशी नीट कळते. जवळजवळ प्रत्येक तांत्रिक विद्यालयात बेंच ग्राइंडर असतो, दोन बाजूंना दोन चाके असलेला. सहा इंची चाक मिनिटाला २,८८० फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग तासाला ८० किलोमीटरच्या आसपास जातो. चाकापुढे एक लोखंडी टेकू असतो, टूल रेस्ट. चाक झिजत जाते तशी टेकू आणि चाक यांतली फट वाढत जाते. ही फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असा जुना दंडक आहे, कारण फट वाढली की धार लावायला धरलेला तुकडा खाली ओढला जातो. तुकडा अडकतो, त्यामागून बोटे जातात आणि कधी चाकच फुटते. टेकू पुढे सरकवायला एक पाना आणि दोन मिनिटे लागतात. पण ती दोन मिनिटे कोणाच्या कामात धरलेली आहेत, याचे उत्तर तयार नसेल तर फट वर्षभर तशीच राहते.

नवे चाक बसवण्याआधी ते दोरीला किंवा बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहतात. अखंड चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द आवाज देते. जुन्या निदेशकांना हे शिकवावे लागत नाही. मात्र निदेशक निवृत्त झाला, पद रिकामे राहिले आणि तासिका तत्त्वावर नवा माणूस आला, की ही कानांची विद्या कपाटातल्या कोणत्याच फाइलमध्ये सापडत नाही.

लेथचा धोका कपड्यांत आणि केसांत आहे. चक मिनिटाला पाचशे फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला आठ फेरे होतात. दचकून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात चक दोनदा फिरलेला असतो. मनगटावरचा काळा धागा, राखी, कडे, ओढणीचे टोक, सुटलेली वेणी यांपैकी काहीही त्या दोन फेऱ्यांत गुंडाळले जाऊ शकते. म्हणून राखी पौर्णिमेनंतरचे काही आठवडे राख्या काढून किंवा कापूनच लेथपाशी यायचे, हा नियम शाळेने मुलांच्या घरी आधी कळवायला हवा. पुष्कळांना न पटणारी गोष्ट हातमोज्यांची आहे. सुरक्षितता म्हटले की हातमोजे आठवतात, पण लेथ, ड्रिल यांसारख्या फिरत्या यंत्रावर ते घालायचे नसतात. कातडी फाटून सुटते, मोजा हाताला ओढून आत नेतो.

मोठ्या यंत्रांपेक्षा रोजची इजा लहान अवजारांनी होते. मूठ निघालेली कानस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मुठीत बसणारे तिचे टोकदार शेपूट जोर देताना थेट तळहातात शिरते. ठोकून ठोकून डोके पसरलेली छिन्नी, दांडा सैल झालेली हातोडी, चकमध्ये विसरलेली चकची चावी, ड्रिलखाली हाताने धरलेला पत्रा, लोखंडाचा कीस फुंकर मारून उडवण्याची सवय, ही सगळी त्याच जातीची. कानशीची लाकडी मूठ बाजारात अगदी थोड्या पैशांत मिळते.

वेल्डिंगची गोष्ट निराळी आहे, कारण तिथली इजा त्या क्षणी कळत नाही. काचेविना काही सेकंद जरी ठिणगीकडे पाहिले तरी अतिनील किरण बुबुळाचा पृष्ठभाग भाजतात. मूल हसत घरी जाते. पाच-सहा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. मग घरोघरी बटाट्याच्या चकत्या आणि दुधाच्या घड्या निघतात, खरे तर तेव्हा डॉक्टरच गाठायला हवा. ही इजा वेल्डिंग करणाऱ्याइतकीच बाजूला उभे राहून पाहणाऱ्यांनाही होऊ शकते. म्हणून वेल्डिंगच्या जागेला पडदा हवा आणि प्रात्यक्षिक बघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती काच हवी. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना निघणारा पांढरा धूर ताप आणतो, तेव्हा खिडक्या उघड्या असलेली जागा किंवा अंगणच बरे.

लाईन गेली, लाईन आली

वऱ्हाडात वीज गेली म्हणत नाहीत, लाईन गेली म्हणतात. भारनियमनाची वर्षे इथल्या लोकांनी चांगलीच भोगली आहेत आणि पावसाळ्यात आजही लाईन येते-जाते. कार्यशाळेत लाईन जाण्यापेक्षा येण्याचा क्षण धोक्याचा असतो. ड्रिल चालू असताना लाईन गेली, मुलांनी बटण तसेच सोडले आणि कोणी तरी अडकलेला बर्मा हाताने सोडवायला लागले. तेवढ्यात लाईन आली, तर यंत्र आपणहून सुरू होते. यावरचा उपाय शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. पंपाच्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. शाळेतले यंत्र अशा स्टार्टरवर असेल तर हा धोका राहत नाही. साध्या खटक्याच्या स्विचवर असेल तर राहतो. शेडमध्ये शिरून स्विचकडे नुसते पाहिले तरी हे कळते.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर अशा तालुक्यांतून पसरलेला आहे. तिथल्या क्षारांनी जमिनीत पुरलेला लोखंडी पाइप लवकर खाल्ला जातो. वरून तार जोडलेली दिसते आणि खाली पाइप उरलेलाच नसतो. काळ्या मातीची वेगळी तऱ्हा. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाइपाभोवती सुकते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून या भागात अर्थिंगचे माप वर्षातून एकदा घ्यायचे असेल, तर ते मेच्या अखेरीस घेतलेले बरे, जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हा.

तिसरी गोष्ट आरसीसीबीची. साधा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. सोळा अँपिअरचा एमसीबी ज्या प्रवाहाला पडतो, त्याच्या पाचशेव्या हिश्शाइतक्या प्रवाहानेही माणसाचे हृदय बंद पडू शकते. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसासाठी असतो. गळती झाली की अर्ध्या सेकंदाच्याही आत तो लाईन तोडतो. संपूर्ण शेडसाठी लागणारी ही वस्तू काही हजार रुपयांच्या पुढे जात नाही.

विदर्भातल्या शाळा कडक उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तोवर यंत्रे दोन महिने बंद पडून असतात. उंदरांनी तारा कुरतडलेल्या असतात, पहिल्या पावसाने पत्र्यातून पाणी उतरलेले असते आणि घामाने भिजलेल्या हातांची कातडी विजेला फारशी अडवत नाही. वर्षातला सर्वांत जोखमीचा दिवस म्हणजे कार्यशाळा उघडण्याचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी मुले नवखी असतात.

एका शिक्षकाला किती मुले?

इंग्लंडमध्ये शालेय कार्यशाळांसाठी बीएस ४१६३ नावाचे स्वतंत्र मानक आहे. एका पात्र शिक्षकाच्या हाताखाली वीसपेक्षा जास्त मुले असू नयेत, अशी त्याची शिफारस आहे. क्लीप्स ही संस्था १९६३ पासून तिथल्या शाळांना प्रयोगशाळा आणि कार्यशाळांतल्या धोक्यांबाबत सल्ला देते. अडलेला शिक्षक तिच्याकडे विचारणा करू शकतो. आपल्या आयटीआयमध्येही एका निदेशकाकडे साधारण वीस ते चोवीस प्रशिक्षणार्थ्यांची तुकडी असते आणि ट्रेडचा अभ्यासक्रम सुरक्षिततेच्या धड्यांपासूनच सुरू होतो. शाळेत मात्र वर्गाची पटसंख्या हीच अनेकदा कार्यशाळेतली संख्या होते. चाळीस मुले, एक शिक्षक आणि पाच यंत्रे असली, की पस्तीस मुले रांगेत, धक्काबुक्कीत, दुसऱ्याच्या खांद्यावरून वाकून पाहत असतात. शिक्षकाची नजर एकाच वेळी दोन यंत्रांवर राहू शकत नाही.

वेळेचेही तसेच. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात हजेरी, अवजारांचे वाटप, काम आणि आवराआवर बसवायची म्हणजे घाई आली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने याला चांगला पर्याय दाखवला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे काम सुरू केले. त्यातून उभा राहिलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातकामाला देतो. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी त्याची चार अंगे आहेत. तिथली मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, गावाच्या उपयोगी पडतील अशा वस्तू बनवतात. पूर्ण दिवस हाती असला की शिक्षकाला आधी समजावायला, मग करवून घ्यायला आणि शेवटी अवजारे मोजून ठेवायला सवड मिळते. महाराष्ट्रातल्या शाळांना अनुकरणासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेचे नाव घेऊन एक अन्याय सहज होतो. ‘ओढणी अडकेल’ म्हणून त्यांना लेथवर न पाठवता ड्रॉइंगच्या टेबलाशी बसवले जाते. उपाय सरळ आहे. ओढणी बाहेर खुंटीवर, अंगात पाठीमागे बांधायचा एप्रन, केस टोपीत, पायांत बंद बूट. गणवेशाचा नियम मुलामुलींना सारखा असावा आणि एप्रन, टोपी, गॉगल शाळेने पुरवावेत. चांगला साधा गॉगल शंभर-सव्वाशे रुपयांत मिळतो. तो घरून आणायला सांगितला, की ज्याच्या घरी शंभर रुपये मोकळे नाहीत तेच मूल उघड्या डोळ्यांनी ग्राइंडरसमोर उभे राहते.

अपघात झाल्यावर

२०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत रात्री एकटी काम करणारी एक विद्यार्थिनी लेथमध्ये केस अडकून मरण पावली. तिथल्या औद्योगिक सुरक्षा यंत्रणेने पाहणी करून यंत्राला पुरेसा गार्ड नसल्याचे दाखवून दिले. मात्र ती विद्यार्थिनी होती, कर्मचारी नव्हती, म्हणून त्या यंत्रणेला दंड करता आला नाही. इतक्या संपन्न विद्यापीठातही कायद्याची फट तीच निघाली, जी वऱ्हाडातल्या तांत्रिक विद्यालयात आहे.

जर्मनीने ही फट १९७१ मध्येच बुजवली. त्या वर्षापासून तिथली शाळकरी मुले कामगारांच्याच सक्तीच्या अपघात विम्याखाली आली. याचा परिणाम भरपाईपुरता राहिला नाही. पैसे विमा संस्थेला मोजावे लागतात, म्हणून ती शाळांच्या कार्यशाळांसाठी नियम करते आणि सल्ला द्यायला माणसेही पाठवते.

महाराष्ट्रात राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास २०२२ पासून दीड लाख रुपये मिळतात, कायमच्या अपंगत्वालाही अनुदान आहे. हा आधार मोलाचा आहे, पण त्यात प्रतिबंधाला जागा नाही. अर्ज मंजूर झाला की प्रकरण मिटते. त्या यंत्राला गार्ड बसला का, हे विचारणारा रकाना फॉर्मला जोडता येईल.

नोंदवहीचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. कापलेल्या बोटाला पट्टी बांधून मुलाला घरी पाठवले, की घटना संपली असे समजतात. कारण नोंद झाली तर चौकशी आपल्यावर येईल, ही शिक्षकाची भीती खोटी नाही. ही भीती घालवायची असेल, तर थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही नोंद करणाऱ्या शाळेला जाब विचारण्याऐवजी दुरुस्तीचा निधी मिळायला हवा.

बोट तुटण्यासारखी इजा झाली, तर काय करायचे हे भिंतीवर लिहिलेले असावे. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फात थेट टाकायचा नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळ कुठे अशी शस्त्रक्रिया होते हे आधीच विचारून ठेवायचे. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे, अकोल्याहून अडीचशे. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या मुलाला घाट उतरूनच यावे लागते. तिथे पहिल्या दहा मिनिटांत शिक्षकाने काय केले यावर पुष्कळ अवलंबून असते.

कुलपाने प्रश्न सुटत नाही

तामिळनाडूतल्या कुंभकोणम इथे २००४ मध्ये शाळेला आग लागून ९४ मुले गेली. त्यानंतर चाललेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. २०२१ मध्ये केंद्राने शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवणारी मार्गदर्शक सूचना काढली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर राज्यातल्या शाळांत सीसीटीव्ही आणि तक्रारपेट्यांवर भर आला, तो योग्यच होता. या सगळ्यात वर्गखोली, जिना, स्वच्छतागृह, बस यांचा विचार झाला. ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि सोल्डरिंग आयर्न यांचा विचार अजून व्हायचा आहे.

नियम कडक केले, की शाळा कार्यशाळेलाच कुलूप लावतील, अशी एक शंका रास्तपणे घेतली जाते. जिथे निदेशकाचे पद रिकामे आहे तिथे ते आजही घडते. यंत्रावर आच्छादन, वर धूळ आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृत्या. पण त्याने मूल सुरक्षित होत नाही. दहावीनंतर तेच मूल गॅरेजमध्ये, जिनवर, मळणी यंत्रावर किंवा वेल्डिंगच्या दुकानात जाते आणि चालत्या यंत्राशी त्याची पहिली भेट कोणी न शिकवता होते. शाळेच्या कार्यशाळेत दोन वर्षे नीट घालवलेले मूल दुसऱ्या दिवशी मालकाला ‘गॉगल कुठे आहे’ असे विचारू शकते. वऱ्हाडाला अशा मुलांची गरज आहे, म्हणून नियम आणि निधी एकाच आदेशात यायला हवेत.

त्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट न पाहताही बरेच करता येईल. अमरावती, अचलपूर आणि मूर्तिजापूर इथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. तिथल्या एका यंत्र आणि एका विद्युत शिक्षकाने मेच्या अखेरीस आसपासच्या शाळांच्या कार्यशाळा पाहाव्यात आणि एका पानाचा तक्ता भरून मुख्याध्यापकांकडे द्यावा: टेकूची फट, चकचा गार्ड, स्टार्टर, अर्थिंगचे माप, आरसीसीबी, कानशींच्या मुठी, अग्निशामकाची मुदत, गॉगल मोजून. या तक्त्यावर जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी आणि शिक्षणाधिकारी या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय प्रात्यक्षिके सुरू होऊ नयेत. राज्यपातळीवर तीन गोष्टी ठरायला हव्यात. एका शिक्षकामागे वीस मुलांची मर्यादा, सलग प्रात्यक्षिकाचा किमान अर्धा दिवस, आणि शिकाऊ उमेदवार कायद्यातल्या कलम १४ व १६ सारखे संरक्षण शाळकरी विद्यार्थ्यांनाही. पहिल्या तक्त्यासाठी फार तर कागद आणि दोन दिवसांचा प्रवासभत्ता लागेल. जिल्हा नियोजन समितीने तेवढी तरतूद केली, तर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच ही तपासणी पूर्ण होऊ शकते.